गाठ बत्तीस बाय अठ्ठावीस

"मुलं किती?" डॉक्टरनं इचारलं. माझ्याकडं न बघता. त्याची नजर मोबाईलवर व्हती.

"दोन," माय म्हणली. माझ्याऐवजी तीच बोलून राह्यली व्हती.

"मुलं बंद व्हायचं ऑपरेशन?"

"झालंय साहेब. धाकट्याच्या टायमालाच."

"मग आता पिशवीचं काय लोणचं घालायचंय का?"

नवीन जालन्यातल्या त्या केबिनमध्ये एसी व्हता. कोपऱ्यात औषध कंपनीचा एक टाय घातलेला माणूस मांडीवर बॅग घेऊन बसला व्हता. तो हसला. पडद्यापाशी उभी असलेली नर्स हसली. मी टेबलावर आडवी व्हते. परकराची नाडी सुटलेली. पोटावर सोनोग्राफीचं थंडगार, चिकट मलम. त्या टायवाल्याला बाहेर जा म्हणावं, हे कुणालाच सुचलं न्हाई. तो माणूस तिथं हाय, याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं. मी तिथं हाय, याचंही.

मंग माय हसली.

तोंडाला पदर लावून हसली. साहेब आपल्याशी गंमत करून राह्यले म्हणून खूश झालेली. लेकराला कुणी पेढा द्यावा, तसा तिचा चेहरा झाल्ता. डॉक्टरचा राग मला नंतर आला. त्या घडीला मी फक्त मायकडं बघितलं आणि मान दुसरीकडं फिरवली.

मी एकोणतीस वर्षांची व्हते. अंगावरून पांढरं जातं आणि कंबर दुखती, एवढंच सांगायला आले व्हते.

"गाठ आहे," तो म्हणाला. "आज ना उद्या कॅन्सर होणार. आमचं काम सांगायचं. पुढं तुमची मर्जी." एसटी किती वाजता सुटती ते सांगावं, तसं सांगितलं. नर्सनं पोट पुसायला कागदाचा एक बोळा दिला. मी उठले. नाडी बांधली. गाठ बसंना, परत बांधली.

"फाईल आमच्याकडेच राहील," नर्स म्हणली. "तारीख फोनवर कळवू."

*

माझ्या मायला कुणी नावं ठेवण्याआधी एक गोष्ट सांगावी लागती.

माझ्या आधी मला एक भाऊ झाल्ता. सरकारी दवाखान्यात. खाट रिकामी नव्हती म्हणून मायला खाली फरशीवर निजवलं. ती ओरडली, तर तिथल्या बाईनं तिच्या मांडीवर चापट मारली आणि म्हणली, "नवऱ्यापाशी निजताना बरं वाटलं का?" डॉक्टर यायला उशीर झाला. पोरगं निळं पडून आलं. रडलंच न्हाई. बापाच्या उपरण्यात गुंडाळून त्याच्या हातात दिलं आणि खाट नसलेली ती जागा पण खाली करायला सांगितली.

त्या दिवसापासून माय सरकारी दवाखान्याची पायरी चढली न्हाई. मी पोटात असताना बापानं तिला नवीन जालन्यात खाजगीत नेलं. तिथले थोरले डॉक्टर, म्हणजे मला लोणचं घालायचंय का म्हणणाऱ्याचे वडील, तिला म्हणाले, "बसा." आणि खुर्ची दाखवली. एवढंच. पण माय ते अजून सांगती. "जल्मात पहिल्यांदा कुण्या साहेबानं मला बसा म्हणलं." मी जिवंत जन्मले. मायच्या लेखी हिशोब तिथंच मिटला. पैसे घेणारा दवाखाना माणसाला माणूस समजतो आणि फुकटातला दवाखाना लेकरू खातो. तिचा हा विचार कुण्या पुस्तकातून आला नव्हता. फरशीवर निजून आल्ता.

मी सात वर्षांची असताना मायचं अंगावरून पांढरं जायला लागलं. ती त्याच साहेबांकडं गेली. त्यांनी गाठ हाय म्हणून पिशवी काढून टाकली. माय तेव्हा अठ्ठावीस वर्षांची. गावात ती अभिमानानं सांगायची, माझं आपरेशन थोरल्या साहेबांनी स्वतःच्या हातानं केलं.

त्यानंतरची माय मला चांगली आठवती. थंडीत अंगावरची चादर फेकून अंगणात जाऊन बसायची. म्हणायची, आतून भट्टी पेटली. तिशीत केस पांढरे झाले. चाळिशीत पाण्याची बादली उचलताना मनगट मोडलं. नुसती बादली. मंग पाठ वाकायला लागली. आज ती पन्नाशीच्या आतबाहेर हाय आणि एसटीत लोक तिला सत्तरीची समजून उठून जागा देतात. ह्या सगळ्याला ती नशीब म्हणती. मीही म्हणायचे.

*

मी टेंभुर्णीच्या शिवारात शेडनेटमध्ये काम करते. मिरचीचं बी तयार करायचं काम. बारीक चिमट्यानं कळीतला नर काढायचा आणि दुसऱ्या फुलाचा पराग त्यात लावायचा. सकाळी सातला वाकलं की दुपारी जेवायलाच पाठ सरळ. ओळ सोडून जाता येत न्हाई. आणि जायचं कुठं? आडोसा न्हाई. म्हणून आम्ही बाया पाणीच पीत न्हाई.

केबिनमधून आल्यावर दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत मी सहज इचारलं, "तुमच्यात कुणाची पिशवी काढलीय का?"

अकरा जणी बसलो व्हतो. आठ हात वर झाले. हात कशाला, भाकरी धरलेली बोटंच नुसती उचलली.

"माझी गेल्या साली."

"माझी दोन लेकरांवर."

"कटकट गेली बाई महिन्याची," एक जण म्हणली, आणि पदरानं गळ्याचा घाम पुसला. पौषाचा महिना व्हता. बाकीच्या आम्ही स्वेटर घालून बसलो व्हतो.

"कुणी काढली?"

सगळ्यांनी एकच आडनाव घेतलं. वयानं थोरल्या बायांनी थोरल्या साहेबाचं, तरण्या बायांनी धाकट्याचं. ते आडनाव मी इथं लिहीत न्हाई. जिथं लिहायचं तिथं लिहिलंय.

आजवर मी ह्याच बायांच्या मधी बसून जेवले व्हते. त्यांच्या कंबरा, त्यांचे गुडघे, बसताना उठताना तोंडातून निघणारा आवाज, ह्याला मी कामाचा शीण समजत व्हते. तेवढ्यात फोन वाजला. दवाखान्यातली मुलगी. आवाज लई गोड. "ताई, तारखेचं काय ठरलं? गाठ वाढत असते. थांबू नका."

तिसऱ्या दिवशी परत. पाचव्या दिवशी परत. चिमटा हातात असला की फोन वाजायचा. मंग वाजला न्हाई तरी वाजल्यासारखा वाटायला लागला.

*

"माय, एकदा सरकारीत दाखवू," मी म्हणलं.

ती भाकरी थापून राह्यली व्हती. हात थांबला.

"माझं लेकरू खाल्लं त्यांनी. आता तू जातीस?"

"त्याला तीस वर्षं झाली माय. आता तसं न्हाई राह्यलं."

"तुला काय माहीत? फुकटात काय मिळतं? शिव्या मिळतात."

"आणि इथं काय मिळालं? मी उघडी पडलेली, आणि लोणचं म्हणला तो."

"मोठी माणसं बोलतात तसं. हात चांगला हाय त्यांचा. बापाचा हात लेकात उतरलाय."

"मी मोबाईलवर वाचलंय. आधी दुसऱ्या डॉक्टरला इचारावं म्हणतात."

"मोबाईल डॉक्टर हाय का? आम्ही कधी इचारलं न्हाई. मेलो का?"

बाप गेल्यापासून माय माझ्याकडंच राहती. तिला दुसरं कुणी न्हाई. त्या दिवशी ती जेवली न्हाई. दुसऱ्या दिवशी पण न्हाई. भिंतीकडं तोंड करून पडून राह्यली. माझे मालक, म्हणजे लेकरांचे बाप, पिकअप चालवतात. ते म्हणले, "मायला इचारून काय ते कर. बायांचं बायांनाच समजतं." आणि गाडी घेऊन गेले.

खोटं कशाला सांगू, मी पण भ्याले. रात्रंदिवस तो एकच शब्द. कॅन्सर. धाकट्याच्या शाळेच्या डब्यात भाजी भरताना वाटायचं, उद्या हे कोण भरील? पोटावर हात ठेवला की हाताखाली काहीतरी वळवळल्यासारखं वाटायचं. मी हो म्हणलं. माय लगेच उठून बसली. चहा मागितला.

*

सकाळी आठला भरती झाले. आधी मालकाची सही घेतली. मंग माझ्यापुढं कागद आला. अर्ध्या जागा रिकाम्याच व्हत्या.

"वाचू का जरा?" मी म्हणलं.

"वाचायला काय आहे त्यात?" नर्स म्हणली. "खाली नाव टाका."

मी नाव टाकलं. मालक गाडी भरायची हाय म्हणून निघून गेले. माझी साडी, मंगळसूत्र, जोडवी एका पिशवीत घालून मायकडं दिली. मला पाठीमागं नाड्या असलेला हिरवा झगा घातला. हाताला सलाईन. सहा खाटांच्या खोलीत आम्ही चौघी जणी. चौघींचं एकच ऑपरेशन. एक म्हातारी न्हाई त्यात. शेजारच्या खाटेवर मनीषा व्हती, तीर्थपुरीकडची. हाताची मेंदी अजून पुरती उतरली नव्हती.

"वय काय गं तुझं?"

"चोवीस, ताई."

"पोरं?"

"एक लेक."

तीच पुढं बोलली. "सासू म्हणली, हिला कॅन्सर झाला तर पोराचं दुसरं लग्न करावं लागंल. त्यापरीस काढून टाक." सासू दाराजवळ स्टुलावर बसली व्हती. हातात जपमाळ. डोळे सुनेवर. आम्ही हळू आवाजात बोलत राह्यलो. तिनं तिचा नंबर दिला, मी माझा दिला.

नर्सनं ऑपरेशनसाठी चौघींच्या फायली माझ्या खाटेच्या पायथ्याशी ठेवल्या आणि ती कुणाच्या तरी हाकेला धावली. मी वाकले. माझी फाईल ओढली. पहिल्यांदाच हातात आली. सोनोग्राफीचा कागद इंग्रजीत व्हता. मी बारावी झालेली हाय. सगळं समजलं न्हाई, पण अक्षरं वाचता येतात, आकडे येतात. गाठ बत्तीस बाय अठ्ठावीस. एका शब्दात एक अक्षर डबल पडलं व्हतं.

"मनीषा, तुझा बघू का?"

बत्तीस बाय अठ्ठावीस. तोच शब्द, तेच डबल अक्षर. तिसरीचा काढला. तोच. चौथीचा. तोच. नुसती नावं वेगळी.

आणि मनीषाच्या कागदावर वय लिहिलं व्हतं एकोणतीस.

एकोणतीस मी व्हते.

खोलीत पंखा फिरून राह्यला व्हता. बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत आणून राह्यलं व्हतं, त्याच्या चाकाचा आवाज जवळ येत व्हता. माझ्या पोटातल्या गाठीची भीती गेली, आणि ह्या दवाखान्याची भीती बसली.

*

डॉक्टर आला. डोक्याला हिरवी टोपी. मागं नर्स.

मी म्हणलं, "साहेब, आमच्या चौघींची गाठ एकाच मापाची कशी?"

तो आधी हसला. "काय शिकलीस?"

"बारावी."

"सायन्स?"

"आर्ट्स."

तो नर्सकडं वळला. "बघा सिस्टर. आता आर्ट्सवाल्या सोनोग्राफी वाचायला लागल्या." मंग माझ्याकडं. आवाज बदललेला. "मी येतो का तुझ्या शेतात, मिरची कशी लावायची शिकवायला? नाही ना? मग मलाही शिकवायचं नाही."

"हिचं वय चोवीस हाय साहेब. कागदावर माझं वय हाय."

त्यानं माझ्या हातातला कागद ओढून घेतला. चेहऱ्यावर काही दिसलं न्हाई. खाटेपाशी उभ्या मायला म्हणाला, "मावशी, हिला आवरा. नाहीतर घेऊन जा. आणि उद्या गाठ फुटली तर माझ्या दारात आणू नका."

माय खाली बसली. मोडून वाकडं जुळलेलं मनगट पुढं केलं आणि त्याच्या बुटांवर हात ठेवले. मंग डोकं.

"साहेब, चुकलं लेकराचं. अडाणी हाय."

त्यानं पाय मागं घेतले न्हाईत. तसाच उभा राह्यला. सवय असल्यासारखा. मायच्या पाठीचं कुबड वर आलं व्हतं. त्याच्या बापानं जिला खुर्ची दिली, ती बाई ह्याच्या पायाशी पडली व्हती. माझ्यासाठी माफी मागत व्हती. मी काय केलं व्हतं? वाचलं व्हतं.

"माय, ऊठ."

ती उठली न्हाई.

"ऊठ म्हणलं ना."

मी खाटेवरून खाली उतरले. "मला न्हाई काढायची पिशवी."

"काय?" डॉक्टर म्हणाला.

"माझी हाय. मला न्हाई काढायची."

नर्सनं दंड धरला. "पेपर झाल्याशिवाय जाता येत नाही." मी सलाईनची सुई ओढली. रक्त आलं, झग्यावर सांडलं. मनगटावर अंगठा दाबून धरला.

डॉक्टर म्हणाला, "जाऊ द्या सिस्टर. येईल परत. सगळ्या येतात."

हे तो रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला. खात्रीनं.

मी मनीषाला म्हणलं, "चल." तिनं दाराकडं बघितलं. सासूनं मान हलवली, न्हाई म्हणून. मनीषानं तोंड भिंतीकडं केलं. मी आणखी एकदा म्हणायला पायजे व्हतं. हाताला धरून ओढायला पायजे व्हतं. न्हाई ओढलं. मी एकटी बाहेर पडले. हे मी लपवीत न्हाई.

*

दिवसाचे दहा-साडेदहा. नवीन जालन्याचा रस्ता. बियाणे कंपन्यांची ऑफिसं उघडत व्हती, बँकेपुढं रांग, ऑटो, मोटरसायकली. मी हिरव्या झग्यात, अनवाणी. पाठीमागं नाड्या सुटत व्हत्या, एका हातानं धरल्या. दुसऱ्या हाताचं रक्त कोपरापर्यंत आलेलं. लोक थांबले. एकानं मोबाईल वर केला. मी त्याच्याकडं बघत राह्यले, तेव्हा त्यानं खाली केला.

माय मागून पळत आली. छातीशी माझी साडी. "अगं लोक बघून राह्यलेत."

"बघू दे."

"लाज गेली आपली."

"ती आत गेली माय. बाहेर न्हाई."

तिनं साडी उघडली आणि रस्त्यातच माझ्या अंगावर गुंडाळली. रडत व्हती आणि मला शिव्या देत व्हती. मी ऑटो थांबवला. सरकारी दवाखाना म्हणलं. माय मागं सरली.

"मी न्हाई येत तिथं."

"मंग ऱ्हा."

ऑटो हलला, तेव्हा ती दांडी धरून आत चढली.

सरकारी दवाखाना मी सोन्याचा करून सांगणार न्हाई. रांग दारापासून बाहेरच्या झाडापर्यंत. संडासाचा वास. चिठ्ठी फाडणारी बाई खेकसली, "पुढं सरक." माय भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. आतून कुण्या बाळंतणीचा आवाज आला, तसे तिनं दोन्ही कान झाकले. त्या दिवशी नंबर लागला न्हाई. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं परत आलो. माय आली. का आली, मी इचारलं न्हाई.

तिथली डॉक्टरीण माझ्याच वयाची व्हती. डोळ्याखाली काळं, अंबाडा सुटत आलेला. तिनं आधी पडदा ओढला. मंग जे आजवर कुणी इचारलं नव्हतं ते इचारलं. काम काय करतेस? किती तास वाकून असतेस? दिवसात पाणी किती पितेस? लघवीला कुठं जातेस? सोनोग्राफी दुसऱ्या डॉक्टरनं केली. कागद तिनं माझ्यासमोर वाचला.

"गाठ नाही. पिशवी चांगली आहे. इन्फेक्शन आहे, ते गोळ्यांनी जाईल. नवऱ्यालाही घ्याव्या लागतील. आणि पाणी पी."

"साहेब, कॅन्सर?"

"नाही गं. आणि पिशवीसोबत अंडाशयं काढली की बाई तरुणपणीच म्हातारी होते, अंगातून वाफा निघतात, हाडं ठिसूळ होतात."

दोन आठवड्यांच्या गोळ्या. दोन आठवड्यांत पांढरं थांबलं, कंबर हलकी झाली. ह्यासाठी माझी पिशवी बाहेर येणार व्हती.

*

दवाखान्यातून निघून आम्ही टेंभुर्णीच्या एसटीत बसलो. माय खिडकीबाहेर बघत व्हती. म्हणली, "खरंच गाठ न्हाई?"

"न्हाई."

मंग तिनं इचारलं, "मंग माझी?"

मी तिचं वाकडं मनगट हातात घेतलं.

"माझी गाठ कुणी बघितल्ती?"

घरी आल्यावर तिनं लोखंडी पेटी उघडली. तळाशी प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली तिच्या ऑपरेशनची फाईल. बावीस वर्षं तिनं ती देवाच्या पोथीसारखी जपली व्हती. तिला वाचता येत न्हाई. माझ्या हातात दिली. "वाच."

दोन कागद. सोनोग्राफी न्हाई, कसली तपासणी न्हाई. एका ओळीत लिहिलेलं, पांढरं जाणं. खाली ऑपरेशनचं नाव. त्याखाली मायचा अंगठा.

"काय लिहिलंय?"

"पांढरं जाणं."

"अन् गाठ?"

"गाठीचं काही न्हाई, माय."

मला वाटलं ती रडंल. तिनं फाईल माझ्या हातातून हिसकून घेतली. "तू कशाला वाचलंस?" ती ओरडली. "तुझ्या वाचण्यानं परत येणार हाय का माझी? सुखानं मरत व्हते मी." मंग मोरीपाशी जाऊन घासलेली भांडी परत घासायला बसली. वाकड्या मनगटानं. तीन दिवस माझ्याशी बोलली न्हाई. डॉक्टरनं तिची पिशवी नेली व्हती, आणि मी तिचा साहेब नेला व्हता. तिला साहेब गेल्याचंच जास्त लागलं असावं.

*

मनीषाचा फोन महिन्याभरानं आला. मी दवाखान्यातून निघून आले, त्याच दिवशी दुपारी तिचं ऑपरेशन झाल्तं.

"ताई, अंगातून वाफा निघतात. रातच्याला झोप न्हाई. सासू म्हणती, नाटकं करती."

मी फोन कानाला लावून उभी राह्यले. चोवीस. तिचे केस कधी पांढरे होतील, तिची बादली कधी जड होईल, हे मला आधीच माहीत व्हतं. माझ्या घरात ते सगळं रोज चालत-बोलत व्हतं.

मी दवाखान्याच्या तक्रारीचा अर्ज लिहिला. शेडनेटमधल्या पाच जणींनी आपापले कागद दिले. तिघींनी न्हाई दिले. मनीषानं तिच्या कागदाचा फोटो पाठवला आणि लगेच म्हणली, माझं नाव घेऊ नका. मी माझं घेतलं. पूर्ण नाव, गाव, फोन. सरकारी कचेरीत जाऊन दिला, पोच घेतली.

आठ दिवसांनी पांढऱ्या गाडीतून दोघं जण मालकाकडं आले. चहा पिले. लई अदबीनं बोलले. "वहिनी शिकलेल्या आहेत, चांगलं आहे. पण तुमची गाडी रोज जालन्याच्या रस्त्यानं जाते. सांभाळून राहा." पोरांची शाळा कोणती, ते पण इचारलं. मालकाचा चेहरा पिवळा पडला. म्हणले, "अर्ज माघारी घे."

"न्हाई घेत."

"मला काही झालं तर?"

तेव्हापासून त्यांची गाडी यायला उशीर झाला की मी रस्त्याकडं बघत बसते. अर्ज कचेरीत पडून हाय. गेले की म्हणतात, चौकशी चालू हाय. दवाखान्यावर नवीन मजला चढून राह्यलाय. शेडनेटमध्ये अजून फोन येतात. माझ्यावर न्हाई, दुसरीवर.

मायचं म्हणाल तर ती बदलली न्हाई. गुडघ्याच्या गोळ्या अजून खाजगीतूनच आणती. सरकारीत मरंल पण जाणार न्हाई म्हणती. पण परवा ती दुपारच्या उन्हात शेडनेटपर्यंत चालत आली. काठी टेकत. जाळीच्या बाहेर उभी राहून हाक मारली. म्हणली, "शेजारच्या सुनेला तारीख दिलीय. सव्वीस वर्षांची हाय पोरगी. येत्या सोमवारी." एवढं बोलून माघारी वळली.

सोमवारी मी त्या सुनेसोबत जाणार हाय. पेशंटसोबत एकच माणूस म्हणतील. मंग तिच्या सासूला बाहेर बसवीन, पण मी आत जाईन. तो मला ओळखील. ओळखू दे. मला बाहेर काढायला माणसं बोलावील. बोलावू दे. तिची फाईल आधी माझ्या हातात येईल. तिचा कागद मी बाहेर बाकापाशी आणून मोठ्यानं वाचीन. तिच्यासमोर, सासूसमोर, बाकावर नंबर लावून बसलेल्या सगळ्या बायांसमोर. जो शब्द समजणार न्हाई तो तिथंच इचारीन. आणि त्याचं उत्तर आम्हाला पटेपर्यंत त्या पोरीच्या अंगाला हात लावू देणार न्हाई.